‘तक्रारच नाही’ म्हणजे रस्ता सुरक्षित? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या महिन्यात या पानावर बसस्टॉपवरच्या दिव्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला, आणि मेसेज तर विचारूच नका. सगळं छापायचं तर अंक संपेल, म्हणून आठ पत्रं निवडली, काटछाट केली, नावं-गावं गाळली. ज्यांनी ‘पत्र छापू नका पण उत्तर द्या’ असं लिहिलंय त्यांना वेगळं कळवलंय.

प्रश्न: ताई, मी रोज रात्री साडेनऊच्या सुमारास बसमधून उतरते आणि घरापर्यंत सात-आठ मिनिटं चालते. रस्त्याला दिवे आहेत, तरी रोज छातीत धडधडतं. पालिकेत विचारायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, ‘मॅडम, त्या रस्त्याची आमच्याकडे एकही तक्रार नाहीये, सेफ आहे तो.’ नवराही म्हणतो उगाच घाबरतेस. माझंच काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाहीये, साहेबांचा हिशोब चुकतोय. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, हे ऐकायला बरं वाटतं, पण आधी हे तर मोजा की रात्री साडेनऊला त्या रस्त्याने बायका चालतात किती. महिनाभर एकही बाई तिथून गेली नाही तर तक्रार करणार कोण, खांब?

ही फसगत जुनीच आहे, आणि मुलांच्या बाबतीत ती आकड्यांनिशी पकडली गेलीये. ब्रिटनमधे मेयर हिलमन नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ आणि १९९० या दोन वर्षांची तुलना केली. १९७१ मधे इंग्लंडमधली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, १९९० मधे फक्त ९ टक्के. मधल्या काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांचा आकडा खाली आला होता आणि सरकार सांगत होतं बघा, रस्ते सुरक्षित झाले. हिलमन म्हणाले, रस्ते होते तसेच आहेत, गाड्या उलट वाढल्यात, मुलं तेवढी रस्त्यावरून उचलून घरात ठेवली गेलीत. तुमच्या साहेबांच्या फाईलमधली ती शून्य तक्रार मला अगदी तशीच वाटते.

मग करायचं काय. टोरोंटोमधे मेट्रॅक नावाच्या संस्थेने १९८९ मधे एक पद्धत काढली, तिचं नाव सेफ्टी ऑडिट. नाव भारदस्त आहे पण काम साधं, जिला भीती वाटते तिनेच, त्याच वेळेला, आणखी दोघीचौघींना घेऊन तो रस्ता चालायचा आणि कुठे, का वाटलं ते तिथल्या तिथे लिहायचं. ती पद्धत पुढे जगभर गेली. मीही अशा बऱ्याच फेऱ्या केल्यात, त्यातली एक सांगते. सहाजणी होतो. दिवसा नकाशा पाहिला होता, ठरावीक अंतरावर दिवे, कागदावर एकदम झकास. रात्री जाऊन बघतो तर पहिला दिवा झाडाच्या आत. पानं अशी उजळलेली की फोटो काढावा, आणि खाली फुटपाथवर मिट्ट काळोख. पुढचा दिवा चालू होता पण त्याचं तोंड गाड्यांच्या रस्त्याकडे, आणि दिवा नि फुटपाथ यांच्या मधे एक बंद पडलेला टेम्पो, टायर बसलेले, म्हणजे वर्षभर तरी तो तिथेच असणार. माझ्या पुढे चालणाऱ्या मुलीने टेम्पो यायच्या दहा पावलं आधी पर्समधून घराची किल्ली काढली आणि मुठीत धरली, टोक दोन बोटांच्या फटीतून बाहेर. घर अजून बरंच लांब होतं. मी विचारलं किल्ली आत्ता कशाला, तर ती स्वतःच हाताकडे बघायला लागली, काढलीये हे तिलाच कळलं नव्हतं. त्या रात्रीच्या वहीतली सगळ्यात कामाची नोंद तीच होती.

तुम्ही चालाल तेव्हा एवढं बघा की समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-बारा पावलांवरून दिसतो का. नुसती आकृती दिसत असेल तर दिवा असून नसल्यासारखा. आणि दिवा जास्त प्रखर असला म्हणजे चांगला असंही नाही, एका खांबाखाली झगझगाट असेल तर डोळ्यांना त्याचीच सवय होते आणि पलीकडचा काळोख आणखी काळा दिसतो, त्यामुळे मंद चालेल पण सलग हवा. दोन्ही बाजूंना नुसती भिंत किती वेळ चालते ते पावलांनी मोजा. मधेच वळायचं झालं, कुणाचं दार वाजवायचं झालं, तर कुठे?

दिव्यांनी खरंच फरक पडतो का असं साहेब विचारतील, तर त्यांना न्यूयॉर्कचं सांगा. तिथे २०१६ मधे सरकारी वसाहतींमधून काही वसाहती चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे जास्तीचे दिवे लावले, बाकीच्या तशाच ठेवल्या, आणि दिवे लावलेल्या ठिकाणी रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी कमी झाले.

आणि अर्जात ‘अंधार आहे’ असं लिहू नका हो. खांबाचा नंबर लिहा, रात्रीचा फोटो, वेळ, आणि नेमकं काय पाहिजे ते, की फांदी छाटा, टेम्पो उचला, दिव्याचा एक हात फुटपाथकडे काढा. मोघम लिहिलं की दिवेवाले झाडवाल्यांकडे पाठवतात आणि झाडवाले दिवेवाल्यांकडे, त्यात तुमचे तीन महिने जातात. नवऱ्यालाही एकदा न्याच, पण शेजारी नको, तीस पावलं मागे. तुम्ही कुठे पाय उचलता आणि कुठे उगाच फोन कानाला लावता ते त्याला मागून दिसेल.

प्रश्न: मी आमच्या कॉलनीच्या कमिटीवर आहे. बायका-मुलांच्या सुरक्षेसाठी आम्ही बत्तीस कॅमेरे बसवतोय आणि मागचं गेट कायमचं बंद करतोय. अजून काय करावं?

गेट उघडं ठेवावं. थट्टा नाही करत. मागच्या गेटने कोण ये-जा करतं ते विचारलंत का? बहुतेक ठिकाणी त्या बायकाच असतात, कामाला येणाऱ्या, बस पकडणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या. गेट बंद केलं की त्या कंपाउंडच्या भिंतीला वळसा घालून येणार, म्हणजे आतली सुरक्षा वाढली असं तुम्हाला वाटणार आणि बाहेरची गल्ली, जिथे आधी निदान येणारे-जाणारे होते, ती मरणार.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर लावा, पण भरवसा किती ठेवायचा ते बघा. कॅमेऱ्यांवर चाळीस वर्षांत जे अभ्यास झाले ते सगळे एकत्र करून पिझा, वेल्श, फॅरिंग्टन वगैरे संशोधकांनी २०१९ मधे आढावा घेतला. एकूण गुन्ह्यांत १३ टक्के घट दिसली, पण सगळ्यात ठळक परिणाम पार्किंगमधे, म्हणजे गाड्या वाचल्या. मारहाण, हल्ले यांच्यावर म्हणावा असा फरक दिसला नाही. कॅमेरा नंतर कामाला येतो, पुरावा म्हणून, आणि तोही कोणी काचेवरचं कोळ्याचं जाळं काढलं असेल तर. मी एका केबिनमधे सोळा चौकटींचा स्क्रीन पाहिला होता, त्यातल्या तीन चौकटींत जाळी, एकीत नुसतं आभाळ. बत्तीसातले दहा कमी करा आणि ते पैसे गेटवर रात्री अकरापर्यंत एक माणूस, एक बाक, एक दिवा यांच्यावर घाला.

प्रश्न: मी बारा वर्षांची आहे. आमच्या घराजवळ मोठं मैदान आहे पण तिथे मोठी मुलं क्रिकेट खेळतात आणि आम्ही गेलो की म्हणतात बाजूला व्हा बॉल लागेल. आधी आम्ही सातजणी जायचो, आता कोणीच जात नाही. आई म्हणते घरीच खेळा. मला घरी नाही खेळायचं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू जे लिहिलंयस ना, तेच व्हिएन्ना नावाच्या मोठ्या शहरात तिथल्या पालिकेच्या लक्षात आलं होतं, साधारण तीस वर्षांपूर्वी. बागांमधे जाऊन त्यांनी नीट बघितलं तर नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलगे-मुली दोघं येतात, आणि त्यानंतर मुली एकदम कमी होतात. मुलींना खेळायचं नव्हतं असं नाही. झालं असं होतं की मैदान म्हणजे एकच मोठी मोकळी जागा, आणि अशा जागेत जो जास्त धीट, जास्त मोठा, त्याचं राज्य. मग १९९९ मधे त्यांनी दोन बागा बदलून बघितल्या. एकाच मोठ्या जागेचे झाडं-झुडपं लावून छोटे छोटे कप्पे केले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा ठेवली, आत यायला वाटा वाढवल्या. आणि मुली परत आल्या की! मुलांना हाकलावं लागलं नाही, ती पण खेळत होती, सगळी एकमेकांच्या अंगावर न जाता. तिथे या सगळ्यामागे एव्हा काइल नावाच्या नगररचनाकार बाई होत्या.

आता तू काय कर, एक वही घे आणि आठवडाभर रोज एकाच वेळी मैदानात किती मुलगे आणि किती मुली खेळतायत ते मोजून लिही. नुसतं मोज, भांडू नकोस. मग त्या सातजणींना गोळा कर, वही दाखव, आणि आईला सोबत घेऊन मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे जा आणि मागा, की एक कोपरा आखून द्या किंवा आठवड्यातले तीन दिवस साडेपाच ते साडेसहा आमचे. मोठ्या माणसांना ‘आम्हाला खेळू देत नाहीत’ म्हटलं की ते म्हणतात समजुतीने घ्या, पण ‘सोमवारी एकोणीस मुलगे, मुली शून्य’ असं लिहिलेलं दिसलं की जरा गप्प होतात. काय झालं ते मला कळव. आणि सातजणी एकदम जा गं, एकेकटीने नको.

प्रश्न: मी एकाहत्तर वर्षांचा आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मुलींनी रात्री-अपरात्री विनाकारण बाहेर फिरूच नये, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील. आमच्या वेळी असं नव्हतं.

काका, राग नाही. पण कारण ठरवणार कोण? रात्रपाळीची नर्स, ऑफिस झाडून परत निघालेली बाई, उशिरा सुटलेली क्लासची मुलगी, यांच्या कपाळावर कारण लिहिलेलं नसतं. आणि समजा एखादी नुसती हवा खायला निघाली. तुम्ही जेवण झाल्यावर शतपावली घालता ती कुठल्या कारणाने घालता?

दुसरं म्हणजे तुम्ही सांगताय त्याने उलटंच होतं. शहरांवर लिहिणाऱ्या न्यूयॉर्कच्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मधेच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्यावरचे डोळे, खिडकीतले, दुकानातले, ओट्यावर बसलेल्यांचे. तुम्ही भल्या माणसांना आत बसवलंत की बाहेर उरतो तो ज्याची भीती आहे तोच. तेव्हा उपाय सांगू? शतपावली तुमच्या गल्लीत न घालता बसस्टॉपपर्यंत घाला, नऊ ते साडेनऊ. तुमच्या वयाची चार मंडळी जमवा. काही करायचं नाही, नुसतं तिथे असायचं आणि मोठ्याने राजकारणावर वाद घालायचे, ते तर जमतंच.

प्रश्न: मी बस चालवतो, बावीस वर्षं झाली. रात्रीच्या फेरीत कधीकधी बायका म्हणतात दादा, स्टॉपच्या आधी गल्लीच्या तोंडाशी थांबवा. नियमात बसत नाही. थांबवावं का? एखादी अंधारात उतरली तर ती आत वळेपर्यंत मी ब्रेक सोडत नाही, कंडक्टर ओरडतो.

दादा, कंडक्टरला ओरडू द्या. तुमच्या दोन ओळींत आमच्या मागच्या अख्ख्या लेखापेक्षा जास्त आहे.

टोरोंटोच्या बससेवेने १९९१ पासून हेच नियमात बसवलं. शहराच्या एका भागात बायकांवर लागोपाठ हल्ले झाले होते आणि बस पकडायचीच भीती बसली होती, तर रात्री नऊनंतर एकटी बाई ड्रायव्हरला एक स्टॉप आधी सांगू शकायची की मला दोन स्टॉपच्या मधे इथे उतरायचंय. उतरायचं पुढच्याच दाराने, म्हणजे ड्रायव्हरच्या नजरेसमोर, आणि मागून कोणी पाठोपाठ उतरत नाही. कुठे थांबवायचं हे मात्र ड्रायव्हर ठरवणार, वळणावर किंवा गाडी कडेला घेता येत नसेल तिथे नाही. माँट्रियलने १९९६ मधे हेच आणलं. खर्च काय, तर काहीच नाही, एक परिपत्रक.

तुम्ही एकट्याने नियम मोडून थांबवू नका, कुठे काही झालं तर सगळं तुमच्यावर येईल. डेपोतल्या चार-पाच ड्रायव्हरांच्या सह्या घेऊन अर्ज द्या, एकाच मार्गावर, रात्री नऊनंतर, तीन महिने करून बघू असं म्हणा. ‘करून बघू’ला साहेब लोक पटकन नाही म्हणत नाहीत. आणि अर्जात तुमच्या मार्गावरचे वाईट स्टॉप कुठले तेही लिहा, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत नसणार. लॉस एंजेलिसमधे एका अभ्यासात दिसलं होतं की गुन्हे सगळ्या बसस्टॉपवर सारखे वाटलेले नसतात, थोड्याच स्टॉपवर गोळा होतात, आणि ते स्टॉप कसे तर बाजूला पडीक जागा, अंधारी बोळ, दारूचं दुकान. कधीकधी स्टॉप नुसता पन्नास मीटर पुढे, उघड्या दुकानासमोर सरकवला की काम होतं. त्या शेडच्या बाजूला जी मोठी जाहिरात लावतात ना, जिच्या पलीकडून कोण येतंय ते दिसतच नाही, तिच्याबद्दलही दोन शब्द लिहा, माझ्यातर्फे.

प्रश्न: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळा घरापासून एक किलोमीटरवर. तो म्हणतो मी एकटा चालत जातो. मला पळवून नेणाऱ्यांची भीती वाटते म्हणून मी गाडीनेच सोडते. किती वर्षं सोडू?

आधी भीतीचा पत्ता बदलू. तुम्ही ज्याला घाबरताय तो पळवून नेणारा अनोळखी माणूस असतो, नाही असं नाही, पण फार क्वचित. मुलांना जी इजा माणसांकडून होते ती बहुतेक वेळा ओळखीच्याकडून, ज्याला आपण घरात घेतो, चहा देतो. आणि रस्त्यावरचा खरा धोका चार चाकांवर येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात ५ ते २९ वयाच्या मुलामाणसांचा सगळ्यात मोठा मारेकरी म्हणजे रस्त्यावरचे अपघात. आजारपणं नंतर. शाळेच्या दारात पावणेआठला जी गाड्यांची झुंबड उडते त्यात तुमची एक आणि माझी एक असते, म्हणजे ज्या धोक्यापासून पोराला वाचवायला आपण गाडी काढतो तो धोका शेजारच्या पोरासाठी आपणच असतो. मीही सोडायचे हो, शहाणपण नंतर आलं.

वेगाचं गणित एकदा नीट समजून घ्या, फार साधं आहे. मूल अचानक समोर आलं तर ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० चा वेग असेल तर त्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागून तेराव्या-चौदाव्या मीटरला उभी राहते. ताशी ५० असेल तर तेरा-चौदा मीटर त्या पहिल्या सेकंदातच संपतात, ब्रेकला अजून पाय लागलेलाच नाही. म्हणजे ज्या जागी पहिली गाडी थांबलेली असते त्याच जागी दुसरी पूर्ण ५० च्या वेगाने मुलावर आदळते. म्हणून तर रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे माणसं आणि गाड्या एकत्र तिथे ३० च्या वर नको असं म्हटलंय, आणि स्पेनने २०२१ मधे शहरातल्या, जाऊन-येऊन एकेकच लेन असलेल्या सगळ्या रस्त्यांना ३० ची मर्यादा लावून टाकली. पाटी लावून वेग कमी होत नाही हे मात्र खरं, रस्ता अरुंद करावा लागतो, उंचवटा लागतो, कोपरा काटकोनात वळवावा लागतो म्हणजे गाडीला हळू व्हावंच लागतं.

हे सगळं कुठे असं लोक म्हणतात तेव्हा मी नेदरलँड्सचं सांगते. आज तिथली पोरं सायकलवर एकटी हिंडतात म्हणून आपण उसासे टाकतो, पण १९७१ मधे तिथे रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं मेली होती, त्यात ४०० हून जास्त मुलं. मग आईबाप रस्त्यावर बसले, अक्षरशः, रस्ता अडवून, ‘मुलांचे खून थांबवा’ असं आंदोलनाचंच नाव. आणि ऑस्लो शहरात २०१९ मधे अख्ख्या वर्षात रस्त्यावर सोळा वर्षांखालचं एकही मूल दगावलं नाही, चालणारं किंवा सायकलवरचं एकही माणूस नाही. वर हिलमनची गोष्ट सांगितली ती विसरू नका, कारण हे शून्य तसलं नाही. इथे पोरं बाहेर होती, मधल्या रस्त्यांवरून गाड्या आणि पार्किंग कमी केलं होतं.

आता तुमचा मुलगा. एकदम सोडू नका, पण ‘अकरावीत बघू’ असंही नको. सुट्टीच्या दिवशी त्याला पुढे चालू द्या, तुम्ही मागे, तोंडातून शब्द काढायचा नाही. कुठे थांबतो, कुठे दोन उभ्या गाड्यांच्या मधून घुसतो ते बघा. तिथे एकदा स्वतः गुडघ्यांवर बसून त्याच्या उंचीवरून रस्ता बघा, लोक हसले तर हसू देत. बॉनेटपलीकडे काहीही दिसत नाही, आणि समोरच्या ड्रायव्हरलाही तो दिसत नाही. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग जोखता येत नाही, त्यामुळे ‘नीट बघून जा’ या सांगण्याला फार अर्थ नाही, जागा ठरवून द्या, की इथे आणि इथेच ओलांडायचं. मग पंधरा दिवस अर्ध्या वाटेपर्यंत सोबत. त्याच वाटेने जाणारी आणखी दोन-तीन पोरं शोधा, सापडतातच. शाळेलाही विचारा की भरण्या-सुटण्याच्या वेळी अर्धा तास समोरचा रस्ता गाड्यांना बंद करता येईल का. इटलीतल्या बोल्झानोमधे १९८९ च्या सुमारास असं सुरू झालं आणि आता युरोपात ठिकठिकाणी चालतं.

आणि माणसांबद्दल त्याला ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ एवढंच सांगून सोडू नका, कारण मदत लागली तर ती अनोळखी माणसाकडेच मागायची असते. हरवलास तर सोबत मुलं असलेल्या बाईकडे जा, किंवा दुकानातल्या गल्ल्यावरच्या माणसाकडे, हे सांगा. वाटेवरची दोन दुकानं त्याला दाखवून, दुकानदाराची ओळख करून ठेवा. मोठा माणूस, ओळखीचा असो नसो, ‘हे आईला सांगू नको’ म्हणाला की ती गोष्ट त्याच दिवशी आईला सांगायची, आणि सांगितल्यावर आई ओरडणार नाही. हे शेवटचं तुमच्या हातात आहे. दप्तरावर मोठ्या अक्षरात नाव लिहिलंय का? काढा ते, आतल्या बाजूला लिहा.

प्रश्न: बायकांसाठी वेगळा डबा, वेगळी गाडी, गुलाबी टॅक्सी, हे बरोबर की चूक?

गर्दीत रोज जी चेंगरते तिला विचारा, ती म्हणेल डबा वाढवा, आणि तिचं बरोबर आहे. मी तो काढा कधीच म्हणणार नाही. फक्त एवढं की टोकियोत बायकांसाठी वेगळा डबा पहिल्यांदा १९१२ मधे आला, मधे बंद पडला, आणि २००० नंतर पुन्हा आणावा लागला. पट्टी आहे ती, जखम भरत नाही तोवर लागतेच. गुलाबी रंगाचा हट्ट मात्र कोणाचा असतो मला खरंच कळलेलं नाही.

प्रश्न: मी चोवीस वर्षांचा मुलगा आहे. रात्री घरी जाताना बरेचदा पुढे एखादी मुलगी चालत असते आणि माझ्या पावलांचा आवाज ऐकून ती घाबरते, हे मला जाणवतं. मी काहीच केलेलं नसतं. मला वाईटही वाटतं आणि थोडा रागही येतो. मी काय करायला हवं?

राग येतो हे लिहिलंस ते बरं केलंस, प्रामाणिक आहे. पण तो तिच्यावर काढू नकोस, तिला पाठमोरं असताना चोवीस वर्षांचा सज्जन मुलगा आणि दुसरा कोणी यांत फरक कळायला मार्ग नाही, पावलांचा आवाज दोघांचा सारखाच.

करायला अगदी थोडं लागतं. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जा. ते जमत नसेल तर थांब, बुटाची लेस बांध, अंतर पडू दे. वेग वाढवून पुढे निघून जायचा मोह होतो, तुला वाटतं एकदा पुढे गेलो की सुटलो, पण तिच्या कानाला ती पावलं जवळ येताना ऐकू येतात, ते नको. फोनवर घरच्यांशी मोठ्याने बोल, ‘भाजी संपलीये का’ असलं काहीतरी, त्याने खूप हलकं होतं. टोपी-हूड खाली घे. ‘घाबरू नका ताई, मी चांगला आहे’ असं मात्र मागून ओरडू नकोस, एकाने खरंच केलं होतं आणि ती बिचारी पळत सुटली.

आणि कधी दुसरा कोणी एखादीला त्रास देताना दिसला तर लगेच हाणामारीत पडायची गरज नसते. तिच्या जवळ जाऊन नुसतं ‘अहो, ही बस कुठे जाते’ विचारलं तरी त्या माणसाचा डाव मोडतो आणि तिला तुझ्या बाजूला सरकायला निमित्त मिळतं. नंतर तिला विचार, सोबत थांबू का, की कोणाला फोन लावू. ती नको म्हणाली तर नको.

बिल्डिंग एकच असेल आणि ती दारात उभी राहून पर्समधे किल्ली शोधत असेल, तर तू दोन मिनिटं बाहेरच थांब, फोन बघ, तिच्या मागोमाग लिफ्टमधे शिरू नकोस. लिफ्ट परत खाली येतेच.